तुमचंच रक्त

कॉलेज रोड, दुसरा मजला.
कापडणीस मॅडम दंडाला पट्टा आवळतात,
नळीभर रक्त घेऊन यंत्रात फिरवतात.
लाल खाली बसतं. वर उरतं
थॉमसन द्राक्षाच्या रंगाचं पाणी.

"हेच डोक्यात परत. तुमचंच रक्त, घाबरता काय?
सूज येईल, उद्यापर्यंत धुवायचं नाही.
चार महिने, चार फेऱ्या.
आणि हमी मी देत नाही, हं."

सुया मोजतो. तिसाव्याला नाद सोडतो.

बापूंच्या दहाव्याला रामकुंडावर
पाच मिनिटांत सगळे उतरवले होते;
परत येतील का, मी विचारलंही नाही.
आले. येताना
बापूंचं कपाळ घेऊन आले.

रिक्षात टोपी मांडीवरच.
माझंच रक्त म्हणे.
अर्धं कुणाचं,
हे यंत्रात कुठे वेगळं होतं?