चांदीचे दाणे

ब्रनो, फेब्रुवारी. डार्करूममधला तांबडा दिवा
विझत्या निखाऱ्याइतकाच.
एकवीस दिवस डब्यात मुरत ठेवलेल्या काचपट्ट्या
आज बाहेर काढते.

पेशींना दहाच मिनिटं दिलं होतं किरणोत्सारी युरिडिन,
मग साधं.
त्या दहा मिनिटांत जे घडलं
ते इमल्शनवर उमटतं, काळे बारीक दाणे,
झावादिल डॉक्टर म्हणतात, ही चांदीच आहे, व्लास्ता.

केंद्रकातला तो गडद ठिपका, केंद्रिका.
तिथे आरएनए लांबच लांब निघतो,
कातरला जातो, पुन्हा कातरला जातो,
उरेल तेवढा रायबोसोम होऊन बाहेर पडतो.

माझं काम मोजणं.
निवांत पेशी : नऊ, सात, अकरा.
तासाभरानंतरच्या पट्टीवर निम्मे गायब,
बाहेरही पोचलेले नाहीत.
केलं आणि मोडलं, इतकंच.

घेवड्याचा अर्क घालून जागी केलेली पेशी : चाळीस, त्रेचाळीस.
आणि मोडणं जवळजवळ थांबलेलं.
म्हणजे वाढ ही नुसती जास्त करण्यात नसते,
कमी टाकण्यात असते.
हे मला आईने शाळेच्या आधी शिकवलं होतं.

गाठीतली पेशी : एक्केचाळीस.

मी विचारलं, या दोघींत फरक कसा ओळखायचा?
डॉक्टरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
म्हणाले, लेबल वाचून.

रविवारी पिवळ्या टेकडीवरच्या इस्पितळात
आई माझा जुना स्वेटर उसवत बसली होती,
राद्काची बाही पुन्हा आखूड झाली म्हणून.
सुतळीचे तुकडे, पावाच्या पिशव्या, बटणं,
आयुष्यभर काही फेकलं नाही तिने.
मनगटं मात्र काड्यांसारखी.
लोकर गुंडाळत म्हणाली,
पोरगी किती भराभर वाढते गं.

हो, म्हटलं.

आज पट्टी क्रमांक सतरा.
कोणाची ते मागच्या बाजूला लिहिलंय.
उलटून पाहत नाही.
दाणे इतके दाट की ठिपका दिसत नाही,
काउंटर हातात टिकटिकत राहतो,
अडतीस, एकोणचाळीस,
खाली वळणावर ट्राम करकरते
आणि मी आकडा चुकते.
पुन्हा पहिल्यापासून.