कलम सात

एस्पेरांसाबायचा अंगठा मी फूटपट्टीनं मोजला.
वीस मिलिमीटर, आणि टोकाला
इसवण कापताना लागलेल्या सुरीची जुनी खाच.
‘खोली राखून ठेवा’ हे बटण मी त्या मापाचं केलं.
चावडीवर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत
मोठ्या पडद्यावर ते ओबडधोबड दिसतं,
पाटीवर मुलानं गिरवल्यासारखं.
पण टेबलाशी बसून कोण बघतंय आता?
बघतात ते काणकोण स्टेशनवर उतरता उतरता,
खांद्यावर सॅक, दुसऱ्या हातात चहा,
उन्हानं काळा पडलेला फोन.

पाच फोटो होते, तीन केले, मग एकच.
सूर्यास्त काढून टाकला. वजनाला जड,
अर्धा उतरायचा आणि अडकायचा,
आभाळ यायचं, समुद्र येतच नसे.
बाय म्हणाली, ‘पुरो गो, दर्या हांगाच आसा.’

मेनू गुंडाळून तीन आडव्या रेघांत ठेवला.
‘ह्यो कसल्यो?’
‘दाबल्या की सगळं उघडतं.’
‘म्हळ्यार कडी भायल्यान.’

मग आम्ही नियम लिहायला बसलो.
पाहुणा ज्याच्या लिंकवरून येईल त्याला दहा टक्के.
लिंक तीस दिवस आठवण ठेवील.
आपल्याच लिंकवरून आपण येऊ नये.
घरात एसी नाही, आहे असं लिहू नये.
(ह्यावर बाय हसली नाही.)
पाहुणा फिरला तर पैसे नाहीत.
हिशेब महिनाअखेर.
सात: दोघांनी आणला असेल, तर
शेवटच्या क्लिकला.
हे सातवं मी घातलं. सगळीकडे असंच असतं.

दुल्बो वेळीप तेव्हा खाली पिवळ्या-काळ्या गाडीवर बसून
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेनं वारा घेत होता.
बावीस वर्षं पायलट. त्याचा करार कुणी लिहिला नव्हता:
पाहुणा आणला की शंभर रुपये आणि शीत-कडी,
पाहुणा पुढच्या वर्षी येऊन त्याचं नाव घेईल
तर परत शंभर.
तीस दिवस ही मुदत त्याला ठाऊक नव्हती.

पहिल्या महिन्यात नऊ बुकिंग आली.
नऊची नऊ एकाच लिंकवरून,
दूरच्या शहरातला कुणी मुलगा,
आगोंदला कधी न आलेला,
‘शांत किनारे’ अशी यादी करून बसलेला.
दुल्बोच्या नावापुढे शून्य.
मी वेळा पाहिल्या. गाडी येते सव्वाअकराला,
बुकिंग सगळी साडेअकराच्या आसपास.
म्हणजे त्याच्या मागे बसूनच.
तो सांगतोय, पाणी गोडं आहे, कुत्रा भुंकतो पण चावत नाही,
आणि मागे अंगठा माझं बटण शोधतोय.
चुकतही नाही. मीच तसं केलंय.

दुल्बोला सांगितलं, तुझी लिंक काढून देते,
चौकोनी छाप, शर्टाच्या पाठीवर लावायचा.
तो म्हणाला, ‘पाठीक घाम येता, बाय.’
आणि किक मारली.

त्या रात्री मी फॉर्ममध्ये एक रिकामी चौकट वाढवली:
तुम्हांला कुणी आणलं?
फोनवर ती खाली, पार तळाशी जात होती,
जिथवर कुणाचं बोट पोचत नाही.
रंग गेला, एक ओळ गेली, ‘सवलत’ गेली,
चौकट वर आली.

आता उत्तरं येतात. हिशेबाच्या यंत्रात ती बसत नाहीत.
बाय चष्मा लावून एकेक वाचते, डब्यातून नोटा काढते.
‘पिवळी बाइक.’
‘नाव विचारायचं राहिलं, सॉरी.’
‘ज्यांनी सॅक पुढे टाकीवर घेतली ते काका.’
आणि काल, कोण्या मनवा नावाच्या मुलीचं:
‘चढाच्या आधी त्यांनी गाडी थांबवली.
म्हणाले, इथून पुढे रेंज नाही,
जे काय करायचं ते करून घ्या.
मी केलं. तोवर ते
पाठ करून उभे होते.’