आरसे, दाढीचे, नग सहा

एकतीस मार्चला इस्पितळ बंद.
त्याआधी सगळं मोजायचं आहे.
कॅप्टनसाहेब यादी वाचतात, मी हो म्हणते,
मिंगेल खाटेच्या पायावर खडूने फुली मारतो.
खाटा लोखंडी, एकशे बारा. पैकी मोडक्या नऊ.
चादरी पांढऱ्या, त्या माझ्या खात्यात,
सातशे चाळीस,
आणि डाग न गेलेल्या त्रेसष्ट, वेगळ्या गठ्ठ्यात.
कुणाचा डाग कुठला, हा रकाना फॉर्मात नाही.

पुढे इथे काय करायचं, सूचना टाका
म्हणून फाटकावर पेटी टांगली आहे.
वास्कोच्या सड्यावर एवढी जागा, खाली बंदर,
कुणाला नको असेल?

पहिले आले खारीवाड्याचे मासळीवाले.
त्यांना फक्त शवागार हवं होतं.
थंडी चांगली धरतं म्हणतात, त्यांचा म्होरक्या म्हणाला,
टोपी हातात घेऊन.
आणि आम्हांला भीती नाही, साहेब.
वादळाच्या साली आमची माणसं
आम्ही इथूनच तर नेली.
कॅप्टनसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

मग दिल्लीचा हॉटेलवाला,
पांढऱ्या बुटांना कोळशाची भुकटी लागू नये
म्हणून टाचा उचलून चालणारा.
सर्जिकल वॉर्डाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, इथे बार.
मिंगेल म्हणाला, शुद्ध इथे आधीही हरपायची,
फक्त उठल्यावर बिल येत नसे.

पंचायतीला लग्नाचा हॉल हवा.
कुणाला वृद्धाश्रम, ज्यांची मुलं स्विंडनला आहेत त्यांच्यासाठी.
एका चिठ्ठीवर नुसतंच शाळकरी अक्षर:
'बाळंतपण झालं ती खोली पाडू नका. मी तिथली.'
आठवते ती रात्र. नियमात बसत नव्हती ती बाई,
पण रस्ता खचला होता आणि कळा थांबत नव्हत्या.
फाटकावरच्या शिपायाने रजिस्टरात लिहिलं,
आत: माणसं दोन.
सकाळी, त्याच अक्षरात, बाहेर: तीन.

मी काही लिहिलं नव्हतं.
अठ्ठावीस वर्षं चादरी मोजणाऱ्या बाईने
इमारतीबद्दल काय सांगायचं?
पण आठ नंबरची खाट आली, मिंगेलने फुली मारली,
आणि मला रिग्झिन आठवला.

लडाखचा पोरगा, दोन्ही पाय प्लास्टरात.
आल्या दिवसापासून विचारायचा, समुद्र कुठेय?
हा काय, खिडकीखाली. आवाज येतोय ना?
आवाज आमच्याकडे वाऱ्याचाही असाच येतो, म्हणायचा,
घरी सांगायचं तर बघितलेला हवा.
आमच्या खिडक्या छातीएवढ्या उंच.
ज्याने बांधल्या त्याने उभी माणसं धरली असणार.
खाट भिंतीला लावली, तरी आभाळच.

शेवटी न्हाणीघरातला दाढीचा आरसा सोडवला,
स्टुलावर चढले,
हात खिडकीबाहेर, वर, आरसा पालथा.
डावीकडे, म्हणाला. अजून. थोडा तिरका.
मग बोलेनाच.
मला वाटलं, दिसलं नाही.

आरशात सगळं उलटं होतं म्हणे,
समुद्र वर, आभाळ खाली,
आणि मधून एक बार्ज, खनिजाने लाल,
छताला चिकटून चाललेली.
घरी त्याने तसंच लिहिलं असेल.
मी दुरुस्त केलं नाही.
दुसऱ्या दिवसापासून चारच्या चहाला
नऊ नंबर, अकरा नंबर, सगळेच मागू लागले.
खांदा अजून दुखतो, अमावास्येला.

काल चादरीच्या पावतीमागे लिहिलं आणि पेटीत टाकलं:
बार करा, हॉल करा, मासळी ठेवा.
खिडक्या तेवढ्या दोन हात खाली आणा.
शालन वेरेंकर, लिनन.

आज न्हाणीघर.
आरसे, दाढीचे, नग सहा, कॅप्टनसाहेब वाचतात.
मोजतात. पाच.
गहाळ एक?
हो, मी म्हणते.
मिंगेल खडू शोधतो आहे,
माझ्या पिशवीकडे न बघता.