टिंबापुढची घरं

पहिलं गिऱ्हाईक मीच.
आंधळगावात, पाण्याच्या टाकीला टेकून,
जिथं मोबाइलला दोन काड्या मिळतात तिथून,
मी माझ्याच दुकानातून
एक रुपयाचं काहीच नाही विकत घेतलं.
तिसऱ्या दिवशी मोहाडीच्या बँकेत सत्त्याण्णव पैसे उतरले.
वाटेत तीन पैसे कोणी ठेवून घेतले
ते पावतीवर होतं. बारीक अक्षरात.

मामाजी मागावर.
हातात तीन धोटे: एक अंगाचा, दोन काठांचे.
माझ्यापुढं पडद्यावर चार रकाने:
रुपया, डॉलर, युरो, येन.
म्हटलं, कोशाच्या उपरण्याचे चार भाव लिहायचे आहेत.
"चार कावून? उपरणं तं एकच हाये."

मी सांगत बसले.
कार्डवाल्याचा कट, बँकेचा कट,
नागपूरहून जाणारं पार्सल,
आणि डॉलर, जो सकाळी एक असतो, जेवणानंतर दुसरा.
मशीनवर सोडलं तर ते लिहितं
एकोणपन्नास पूर्णांक सदतीस;
असा भाव माणूस सांगत नाही.
मी हातानं लिहीन, गोल, आणि तीन महिने हलवणार नाही.

धोटा गेला, आला.
"म्हंजे बुधवारच्या बाजारात तो मिरचीवाला
गिऱ्हाइकाचा चष्मा पाहून भाव सांगते, तसंच."
तसंच नाही, मी म्हटलं.
रात्री कूस बदलताना वाटलं,
थोडंसं तसंच आहे.

रुपयाला टिंबापुढं दोन घरं.
कुवेतच्या दिनारला तीन.
येनला एकही नाही, टिंबच नाही,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
मी सवयीनं दोन शून्यं जास्त दिली
आणि साडेसात हजारांचं उपरणं
ओसाकात साडेसात लाखांना लागलं. चार दिवस.
मिचिको नावाच्या बाईंनी लिहिलं:
"हे माझ्या आवाक्याबाहेर आहे. पण फार सुंदर आहे."
मी टाकीखाली उभी राहून ते दोनदा वाचलं,
मग शून्यं पुसली,
मग त्यांना कळवलं, आणि लाज वाटली,
आणि थोडा अभिमानही, सात लाखांचा.

बँकेतला नंदनवारांचा पोरगा विचारतो,
परदेशातून पैसा आला, कारण लिहा, कोड टाका.
कारण काय लिहू?
कोणाला तरी लिऑनमध्ये थंडी वाजत होती.

त्याच क्लेरबाईंनी उपरणं परत पाठवलं. रंग मनासारखा नाही.
त्यांनी बावन्न युरो दिले होते,
मी बावन्नच परत केले,
तरी आपल्या खात्यातून एकशे सदतीस रुपये जास्त गेले.
मामाजींना हे तीन वेळा समजावलं.
"तिले जास्त भेटले?"
नाही.
"आपल्याले कमी भेटले?"
हो.
"मंग मधात कोनाले भेटले?"
दराला, मी म्हटलं. दर नावाचा माणूस नसतो.

ते उठले नाहीत. मागावरूनच बोट दाखवलं,
जिथं अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकतो, वळतो, परत फिरतो,
करवतीचे दात एकमेकांत.
"दोन रंग भेटतात तं असे भेटाव लागते.
तुया सांध्याले दातच नाही.
तिथूनच गळते."

मी भाव बदलले नाहीत.
फक्त लिहून टाकलं, ठळक अक्षरात,
परत केल्यास ज्या नाण्यात घेतले त्याच नाण्यात मिळतील,
आणि युरोत दोन वाढवले, त्या गळतीसाठी.
चष्मा पाहून, म्हणा हवं तर.

संध्याकाळी मामाजी माझ्या खांद्यावरून डोकावले.
नाणी निवडायची यादी उघडी होती,
खाली, खाली, शंभरावर नावं,
काही देशांची तर मलाही माहीत नाहीत.
"याच्यात पायली हाये का?"
कशाची पायली?
"धानाची. माया बापानं पयलं उपरणं
आठ पायलीले देल्लं होतं."
मी शोधलं. प वर पेसो होता, पौंड होता.
"नाही?" म्हणाले,
आणि दिवा मागाकडं वळवून घेतला.