सदर नोड

डेल्बर्ट ऑस्ट्रँडरनं फळ्यावर दोन चौकोन काढले,
मधे एक बाण,
आणि म्हणाला, बाण खोटा आहे.
इथून तिथं काहीच जात नसतं.
तिथं नव्यानं लिहिलं जातं,
मग इथलं पुसलं जातं.
या दोन्हींच्या मधे जो वेळ असतो
त्याचं पेटंट हवंय.

मी लिहून घेत होते. माझी नोकरीच ती.
लाँगमाँट, कोलोरॅडो, तिसरा मजला,
खिडकीत बंद साखर कारखान्याच्या विटा,
मागे डोंगर, जूनमध्येही पांढरा.
इंजिनिअर बोलतो, मी त्याची कलमं पाडते:
सदर तुकडा सदर दुसऱ्या नोडवर लिहिल्यावर
आणि सदर पडताळा जुळल्यावरच
सदर पहिल्या नोडवरून –
त्या एका 'च'साठी
इंग्रजीत मला अर्धी ओळ जास्त लागते.

हे सुचलं कुठं? अर्जात लागत नाही,
मलाच हवं होतं.
बीटच्या काट्यावर, तो म्हणाला.
बाप याच कारखान्यात बीट घालायचा.
भरला ट्रक तोलायचे, रिकामा तोलायचे, मातीची तूट धरायचे.
बापाचा त्यांच्या काट्यावर भरवसा नव्हता.
तो आधी धान्यवाल्याकडे तोलून यायचा,
आकडा खडूनं दाराच्या आतल्या बाजूला.
दोन काटे, एकमेकांना न ओळखणारे.
जुळले तरच पावतीवर सही.

मी हसले.
माझा मामा वाळव्याकडे ऊस घालायचा,
'काटा मारला' हे आमच्याकडे पोरं
बाराखडीच्या आधी शिकतात.
मी ते इंग्रजीत करून सांगितलं.
काट्याला का मारतात, त्यानं विचारलं.

वकीलबाई क्विल्टर. त्यांनी लाल शाईनं
बीट काढले, ट्रक काढला, बाप काढला.
परीक्षकाला काटा दिसला तर म्हणेल,
हे तर पूर्वीपासून आहे.
आहेच की, डेल्बर्ट म्हणाला.
बाईंनी पान उलटलं.

मला सातवं कलम आवडतं.
तुकडा हलत असताना
कुणी जुन्या पत्त्यावर विचारत आलं
तर जुन्या नोडनं 'नाही' म्हणायचं नाही.
म्हणायचं, ते तिकडे राहायला गेलेत,
चला, मी सोडतो.

पाटी आली चार वर्षांनी, लाकडावर पितळ,
ऑस्ट्रँडरमधला एक 'र' गाळून.
त्याच वर्षी टेक्ससवाल्यांनी कंपनी घेतली,
माणसं नको होती त्यांना, फक्त साठा.
तो न्यायचा डेल्बर्टच्याच पद्धतीनं
(फी कसली, पेटंटही आता त्यांचं).

शेवटच्या रात्री आम्ही दोघंच.
यंत्रांच्या खोलीत पंख्यांचा एकसुरी घोंगाट,
त्याच्या थर्मासमधली बेचव कॉफी,
पडद्यावर उरलेले अकरा टक्के,
नऊ, नऊ, बराच वेळ नऊ.

चारच्या सुमारास एक तुकडा जुळेना.
फोनवर टेक्ससचा पोरगा: अहो, एकच तर आहे, सोडा.
पावती, डेल्बर्ट म्हणाला.
पुन्हा पाठवला. पुन्हा.
काय होतं त्यात? कुणाचा एक्स-रे,
कुठल्या शाळेची हजेरी, कुणी लिहून न पाठवलेलं पत्र.
उघडून बघणं आमच्या पद्धतीत बसत नाही.
तोलायचं फक्त.

पाचव्यांदा जुळला.
पोरग्यानं तिकडून आकडा वाचला,
यानं इकडून,
आणि तरी त्याचं बोट बटणावर जाईना.
मला वाटलं, झोप लागली.

मग त्यानं माझं पेन मागून घेतलं,
कपाटाचं दार उघडलं,
आतल्या पत्र्यावर दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक,
खाली सही केली,
आणि पुसलं.

सोमवारी भंगारवाल्यानं कपाट नेलं.
किलोवर गेलं, त्याच्या काट्यानं.