किती ब्रास

बूट झटकायचे राहूनच गेले.
जैसलमेरपासून कळव्यापर्यंत
ती माझ्या टाचेखाली बसून आली, बिनतिकीट.

गॅलरीत पेपर पसरून
मी डावा बूट उपडा करते
आणि बाबा खुर्ची पुढे ओढतात.

चौदाव्या वर्षापासून ते मुंब्र्याच्या खाडीत बुडी मारायचे.
बांबूला धरून खाली, तळाशी चाचपत,
बादली भरली की बांबू हलवायचा,
वरून सोमाकाकाने ओढायची.
त्यात कान गेले.
म्हणून मी वाळवंट ओरडून सांगते
आणि अख्ख्या मजल्याला कळतं
की पन्नाशीची बाई उंटावर न बसता पायी फिरून आलीय.

दोन पावलं चढावं, एक घसरावं.
दुपारी तवा, पहाटे माठ.
वाटाड्या सुमारखान म्हणायचा, कण्यावरून चला,
वाऱ्याने थापून बसवलीय तिथून;
मधेच शिरलात तर गुडघाभर जाल.
चौथ्या टेकडीवर मी बसकण मारली.
श्वास पुरेना.
छाती धरून मोजत राहिले, एक, दोन, तीस, एकतीस,
तुम्ही खाली असताना आई काठावर मोजायची तसं.
हे मात्र
ओरडून सांगता येत नाही.

फोटो दाखवते.
ते बोटाने सरकवत राहतात, डावीकडे, आणखी डावीकडे.
होडी नाही, डंपर नाही,
गॅसकटर घेऊन येणारी तहसीलची माणसं नाहीत.
नुसती रेती, आभाळाला टेकलेली.

"कवरे ब्रास आसंल गो ही?"

मला कुठलं सांगता येणार.

"आन् कोनी उचलत नाय?"

नाही, बाबा.

"पावती?"

मान हलवते.
ते चिमूटभर उचलतात, जिभेवर ठेवतात.
मागच्या भिंतीला यंदाही मीठ फुटलंय,
रंगाचे पोपडे धरलेत.
ही इमारत त्यांच्याच खाडीची.

"खारी नाय," ते म्हणतात.
मग अंगठ्याने तर्जनीवर चोळत बसतात,
डोळे मिटून,
जसं तळाशी गढूळात बघायचे.
"लय बारीक. गोल हाय दाना न दाना.
शिमीट धरायचा नाय हिला."

खाली कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना
तीच ती धून वाजवत राहते.

"बरा झाला," बाबा म्हणतात,
आणि पायाने
उजवा बूट माझ्याकडे सारतात.