शिट्टी

लीड्सच्या दवाखान्यात डॉक्टर हॅलोरन म्हणाल्या,
शिट्टी वाजवून दाखवा.
मी हसले. म्हणजे, हसले असं मला वाटलं.
बार्शीत आमच्या आळीत मुली शिट्टी वाजवत नसत,
त्यामुळे मला ती येत नाही
हे चव्वेचाळीस वर्षं कुणाला कळलंच नाही.
मलासुद्धा.

डोळे घट्ट मिटा.
मिटले.
पापण्यांचे केस अजून दिसताहेत, त्या म्हणाल्या.
हात वर करा.
उजवा खांद्याशीच अडला.
डावा थोडा पुढे जाऊन परतला,
काहीतरी विसरून आलेल्या माणसासारखा.
मग त्या माझ्या पाठीमागे गेल्या,
खांद्याच्या पात्यांवर बोटं टेकली :
याला आम्ही पंख फुटणं म्हणतो.

आईही म्हणायची, न्हाऊ घालताना,
पंख फुटलेत कार्टीला, जाईल उडून.
गेले की. हडर्सफील्डपर्यंत.

घरात आणखी कुणाला?

कुणाला नाही, म्हणणारच होते
आणि बाबा आठवले.
जकात नाक्यावर त्यांना दगडोबा म्हणत.
चेहऱ्यावरची रेष हलायची नाही.
लग्नाच्या फोटोत, माझ्या बारशाच्या फोटोत,
दहावीच्या पेढ्यांच्या फोटोत तोच चेहरा,
जणू ट्रकवाल्याची पावती फाडताहेत.
गुडघा फुटला तर फुंकर घालायला
शेजारच्या मालूकाकूंकडे धाडायचे.
चहा बशीत ओतून
निवेपर्यंत नुसते बघत बसायचे.
दुपारी झोपले तरी डोळे अर्धे उघडे;
आम्हाला वाटायचं, पाळत ठेवतात.

आणि स्टँडवर, पुण्याच्या गाडीपाशी,
मी खिडकीतून हात हलवतेय, हलवतेय,
आणि ते मनगट कमरेशी धरून
दोन बोटं हलवत उभे.
एवढंच?
त्या दोन बोटांवर मी तेरा वर्षं रागावले,
ते जाईपर्यंत.
फोन आईलाच करायचे.

डॉक्टर कागदावर काढून दाखवत होत्या :
चौथं गुणसूत्र, त्याच्या टोकाशी
एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली,
वर्गात शिक्षा झाल्यासारखी.
काहींच्यात ती फार थोड्या वेळा येते,
मग जे झोपून राहायचं ते जागं होतं
आणि स्नायू झिजू लागतात,
चेहरा, खांदे, दंड, पुढे पाय.
कुणाचे हळू, कुणाचे फार हळू.
औषध?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बसमधून घरी. टेकडीवरचा बुरूज ढगात.
आमचा रस्ता चढाचा, उजवं पाऊल फरशीला अडतं,
म्हणून हल्ली खाली बघत चालते.
लोकांना वाटत असेल, शिष्ट आहे.
पोस्टमन डेरेक परवा म्हणालाच,
जरा हसा की हो, बाई.
हसतच होते मी, डेरेक.

म्हणजे बाबाही?
पेढ्यांच्या वेळी?

आत्याच्या कर्जाच्या वेळी
काकांनी हात वर केले, मामांनी हात वर केले.
बाबांनी कधीच केले नाहीत.
हे वाक्य आई अभिमानाने सांगायची.
त्यातलं अर्धं आज कळलं.

घरी आल्यावर त्यांचा फोटो खाली काढला,
सुहृदने काढला, खरं तर, माझा हात पोचला नाही.
काचेवर धूळ. फुंकर मारावी म्हटलं
तर ओठांतून नुसती हवा सांडली.
बाहीने पुसला.

पिठाचा डबा खालच्या फळीवर आणलाय.
केस कापून टाकलेत; अंबाड्यापर्यंत
हात नेणं म्हणजे सकाळ संपवणं.
हे सगळं जमेल.

रेवाला अजून काही सांगितलं नाही.
निम्मी शक्यता, नाणं उडवावं तशी,
आणि नाणं तर कधीच पडलेलं आहे,
मूठ उघडायची तेवढी बाकी.
ती वर अंघोळ करतेय.
पाणी थांबलं की मी जिन्याशी उभी राहते.
गुणगुणते ती. गुणगुणणं चालत नाही,
गुणगुणायला ओठ लागत नाहीत.

मागच्या महिन्यात वाढदिवस झाला.
चौदा मेणबत्त्या.
तिने एकटीने विझवल्या,
की सुहृद वाकला होता तिच्याबरोबर?
मी सुरी आणायला आत गेले होते.
बाहेर आले तेव्हा धूर होता.
एक राहिली होती का?
आठवून बघतेय.